अद्भुतकथेचा दुसरा दिग्दर्शक

नाटक मंडळीतून मुख्य माणूस गेला की मंडळी बुडाली, अशी हाकाटी आपल्याकडे नेहमी होत आलेली आहे. परंतु इतिहास पाहू जाता ती बहुधा खोटी ठरलेली दिसते. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ साली वारले, त्या वेळी ‘रामराज्यवियोग’ नाटक अपुरेच होते. तरी किर्लोस्कर मंडळी चालली. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले. चार वर्षांनी बालगंधर्व मंडळीत आले. १९१३ साली तेही निघून गेले; तरीसुद्धा मंडळीचे दार लगेच बंद झाले नाही. याचे कारण शोधावयास फार दूर जाण्याची गरज नाही. नाटकाचे पुस्तक छापलेले असे, पदांच्या चाली दहा जणांच्या गळ्यात बसलेल्या असत, आणि रंगभूमीवरील उठणे, बसणे, वळणे तालमीत घोटलेले असे. माणूस गेला तरी त्याची विद्या मागे राही. चित्रपटाचा धंदा आपल्याकडे उभा राहिला, तेव्हा भांडवलवाल्यांनी हाच हिशेब त्याला लावला, आणि तो चुकला.

दिग्दर्शक बदलणे ही वरवर पाहता निव्वळ व्यवहाराची बाब आहे. एक कारागीर गेला, दुसरा आणावा. पण कथा अद्भुत असली म्हणजे हा व्यवहार एवढा सरळ राहत नाही. सामाजिक कथेतील वाडा, चूल, कचेरी ही प्रेक्षकाने पाहिलेली असतात. दिग्दर्शक थोडा चुकला तरी प्रेक्षक मनातल्या मनात दुरुस्ती करून घेतो. कालियाचा डोह किंवा हनुमंताचे उड्डाण कोणीच पाहिलेले नसते. ते प्रथम एका माणसाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. मग सुतार, रंगारी, नट आणि छायालेखक त्याच्या सांगण्यावरून ते घडवितात. काम अर्ध्यावर असता तो माणूसच निघून गेला, तर त्याच्या जागी कोणास बसवावे? आपल्या देशात या प्रश्नाची पहिली परीक्षा नाशकास झाली.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात ते चित्रकला व छायालेखन शिकले. छापखान्याचा व्यवसाय त्यांनी केला आणि जादूचे प्रयोगही केले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला, त्याच्या मागे या सर्व विद्या एकवटल्या होत्या. छायालेखनाला त्र्यंबक तेलंग होते. सरस्वतीबाई दिवसा साऱ्या मंडळींच्या भोजनाची व्यवस्था पाहत आणि रात्री कोऱ्या फितीच्या कडांना भोके पाडीत. पुढे कारखाना दादरहून नाशकास गेला आणि १९१७ साली ‘लंकादहन’ निघाले. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या.

ही चित्रे कशी होत, हे थोडे समजून घेतल्याशिवाय पुढील प्रकरणाचा उलगडा होणार नाही. त्या वेळी यंत्र हाताने फिरवीत. एका चित्रात दोन देखावे मिसळावयाचे असतील, तर पडद्याचा एक भाग काळा ठेवून पहिला देखावा घ्यावयाचा, यंत्राची मूठ किती वेळा फिरली ते मोजावयाचे, फीत तितकीच मागे घ्यावयाची, आणि मोकळ्या राहिलेल्या भागावर दुसरा देखावा उतरवावयाचा. मोजणीत चूक झाली तर सारी फीत वाया. ‘श्रीकृष्णजन्म’ चित्रात कंसाचे मस्तक धडापासून सुटून अधांतरी तरंगते, ते अशाच युक्तीने. ही युक्ती शिकविता येते, आणि फाळक्यांनी ती अनेकांस शिकविलीही. परंतु ती कोठे योजावयाची आणि कोठे आवरावयाची, याचा नियम कोणत्या वहीत लिहिलेला नव्हता.

१९१९ च्या ‘कालियामर्दन’ चित्राचा आरंभ पाहावा. कृष्णाची भूमिका फाळक्यांच्या लहान कन्येची, मंदाकिनीची होती. चित्र सुरू होताच ती आपल्या साध्या मुद्रेने प्रेक्षकांसमोर येते, एकामागून एक भाव मुखावर दाखविते, आणि मग कृष्णवेष धारण करते. चमत्कार दाखविण्यापूर्वी फाळके प्रेक्षकास जणू विश्वासात घेतात: ही आमची पोर आहे, आता हिच्यात कृष्ण पाहा. इतके उघड सांगूनही डोहातील युद्ध पाहताना प्रेक्षक ती पोर आहे हे विसरतो. ही जाण यंत्राच्या मुठीत नसते.

१ जानेवारी १९१८ रोजी फाळक्यांनी वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट इत्यादी भागीदारांसह नाशकास हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी काढली. आरंभीची दोन चित्रे यशस्वी झाली. आणि नेमके त्याच वेळी वितुष्ट आले. भागीदारांस चित्र ठरलेल्या मुदतीत व ठरलेल्या खर्चात हवे होते. फाळक्यांस ते मनाजोगे उतरेपर्यंत वेळ हवा होता. आम्ही येथे कोणा एका पक्षास खलनायक ठरवू इच्छीत नाही. ज्याचा पैसा अडकला आहे त्याने हिशेब मागू नये असे कोण म्हणेल? पण एवढे खरे की, भागीदारांची समजूत अशी झाली असावी की विद्या आता कारखान्यात आलेली आहे, आणि कारखाना आपला आहे. फाळके राजीनामा देऊन सहकुटुंब काशीस निघून गेले.

मागे राहिलेल्यांनी जी निवड केली, ती व्यवहाराच्या दृष्टीने अगदी बिनचूक होती. बाहेरचा माणूस आणण्याऐवजी त्यांनी घरच्याच तालमीतील माणसे पुढे केली. ‘राजा हरिश्चंद्रा’त विश्वामित्र झालेले ग. वा. साने यांच्यासारख्या हाताखाली तयार झालेल्यांनी चित्रे काढली. नट तेच, यंत्र तेच, पुराणेही तीच. तरीसुद्धा कंपनीस फाळक्यांवाचून चैन पडले नाही; १९२२ च्या सुमारास आपट्यांनी त्यांस पुन्हा बोलावून घेतले, यावरूनच काय ते उघड होते. दरम्यान फाळक्यांनी काशीत ‘रंगभूमि’ नाटक लिहिले होते. ‘संदेश’कर्ते अच्युतराव कोल्हटकर यांनी त्यांस चित्रपटाकडे परत येण्याची गळ घातली, तेव्हा त्या व्यवसायापुरते आपण मेलो आहोत अशा आशयाचे उत्तर फाळक्यांनी धाडले, कोल्हटकरांनी ते छापून टाकले आणि महाराष्ट्रात हळहळ उमटली. चित्रपटाच्या दिग्दर्शकासाठी लोकांनी हळहळावे, हा प्रकार आपल्याकडे बहुधा प्रथमच घडला.

परंतु या प्रकरणातील खरी मौजेची गोष्ट निराळीच आहे. नाशकास रिकाम्या झालेल्या आसनावर कोणास बसवावे याचा विचार चालू असता, कोल्हापुरास एका माणसाने कोणाच्या नेमणुकीची वाट न पाहता आपले आसन स्वतःच मांडले होते. बाबूराव मिस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर, यांनी आपले आतेभाऊ आनंदराव यांच्यासह चित्रे घेण्याचे यंत्र घरीच बनविण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी काम सोडले नाही, आणि दामल्यांच्या साहाय्याने यंत्र पुरे केले. १९२० साली त्यांचे ‘सैरंध्री’ पुण्यास आर्यन चित्रगृहात लागले. कथा महाभारतातील, म्हणजे फाळक्यांच्याच प्रांतातील. पण बाबूरावांचा डोळा चित्रकाराचा आणि पडदे रंगविणाऱ्याचा होता. त्यांचा भीम आणि कीचक खऱ्या मल्लांसारखे झुंजले. फाळक्यांची जागा कोणी घेतलीच असेल तर ती याने घेतली; आणि घेतली ती फाळक्यांसारखे न करता. भागीदारांनी शिष्य निवडला, काळाने सहकारी निवडला, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

आता याच्या उलट उदाहरण पाहू. प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यास गेली, आणि त्याच वर्षी कोल्हापूर दरबारच्या आश्रयाने कोल्हापूर सिनेटोन उभी राहिली. या कंपनीच्या एका पौराणिक बोलपटासाठी छत्रपती राजाराम महाराजांनी फाळक्यांस पाचारण केले. ज्याच्या जागी माणसे शोधली गेली, तोच आता इतरांच्या जागी शोधून आणला गेला. मधल्या काळात त्यांच्यावर काय काय गुदरले होते! ‘सेतुबंधन’ काढता काढता पैसा संपून चित्र रखडले, ते १९३२ साली बाहेर पडले तेव्हा ‘आलम आरा’ला वर्ष उलटून गेले होते आणि मूकपटाचे दिवस सरले होते, पुढे त्यावर आवाज चढवावा लागला. अशा स्थितीत पासष्टीला टेकलेल्या माणसाने प्रथम नकार दिला आणि मग आमंत्रण स्वीकारले, यात नवल नाही.

विषय ठरला ‘गंगावतरण’. दोन वर्षे लागली, सुमारे अडीच लाख रुपये खर्च झाले, आणि ६ ऑगस्ट १९३७ रोजी मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये चित्र झळकले. मुळातच बोलपट म्हणून काढलेले फाळक्यांचे हे एकमेव चित्र, आणि शेवटचेही. ट्रिक-दृश्यांतील त्यांचा हात शाबूत होता. पण प्रेक्षक बदलला होता. आदल्याच वर्षी दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ त्याने पाहिला होता. त्यातही विमान वैकुंठास जाते. मात्र ते विमान उतरण्यापूर्वी देहूतील संसार, जिजाईची चीड, पोरांची भूक हे सारे आपल्या ओळखीचे झालेले असते, आणि म्हणून चमत्कार अंगावर येतो. कोल्हापूर सिनेटोनने नाव मोठे निवडले. पण त्या नावाला बोलपटाच्या नव्या व्याकरणाशी मैत्री करण्यास जी सोबत हवी होती, ती कोणी दिली काय? आमच्या मते फाळक्यांस बोलावण्यात चूक नव्हती. १९१७ साल परत येईल, ही अपेक्षा चुकीची होती.

याच सुमारास अमेरिकेत जे घडले ते येथे सांगण्यासारखे आहे. बाउम यांच्या १९०० सालच्या बालकथेवरून ‘विझार्ड ऑफ ऑझ’ हा चित्रपट मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीने १९३८ च्या ऑक्टोबरात आरंभिला. दिग्दर्शक होते रिचर्ड थॉर्प. दोनएक आठवड्यांत त्यांस दूर केले गेले. मध्यंतरी जॉर्ज क्यूकर काही दिवस आले. त्यांनी एकही दृश्य घेतले नाही. पण डोरोथी झालेल्या ज्यूडी गार्लंडच्या डोक्यावरचा सोनेरी टोप काढविला, चेहऱ्यावरचे रंगरोगण उतरविले, आणि तिला खेड्यातील साध्या मुलीसारखे वागावयास सांगितले. मग व्हिक्टर फ्लेमिंग आले आणि त्यांनी चित्राचा बहुतेक भाग पुरा केला. त्यांसही ‘गॉन विथ द विंड’साठी नेण्यात आले, तेही त्याच क्यूकरांच्या जागी. उरलेले कॅन्ससचे भाग किंग व्हिडोर यांनी घेतले. चार माणसे, आणि पडद्यावर नाव एकाचेच.

इतकी उलथापालथ होऊन चित्र टिकले कसे? आम्हांस वाटते, याचे श्रेय क्यूकरांच्या त्या थोड्या दिवसांस बरेच आहे. नव्या दिग्दर्शकाने येताच ‘किती काम झाले, किती उरले’ असे न विचारता ‘ही मुलगी कोण आहे’ असे विचारले, आणि ज्या उत्तरावर ते आले त्याला पुढील दोघे इमानी राहिले. फाळक्यांनी मंदाकिनीचा साधा चेहरा आधी दाखविला, त्यामागील शहाणपण हेच होते. अद्भुताच्या दारात एक खरे माणूस उभे असावे लागते; ते हरवले की बाकीचे सर्व जादूचे खेळ.

येथे कोणी विचारील की, मग परंपरा म्हणून काही नाहीच काय? आहे, पण ती कशी चालते ते पाहिले पाहिजे. मराठवाड्यात औसे म्हणून गाव आहे. भुईकोट किल्ल्याइतकेच ते नाथ संस्थानामुळे प्रसिद्ध आहे, आणि औसेकर महाराजांचे चक्रीभजन पंढरपुरापर्यंत गाजलेले आहे. टाळमृदंगाच्या ठेक्यावर गोल फिरत अभंग गावयाचे, असा हा प्रकार. आमच्याकडील लोकांस प्रल्हाद, ध्रुव, कालियामर्दन या कथा पडद्याच्या कितीतरी आधी अशाच भजनाकीर्तनांतून दिसलेल्या आहेत. अशा ठिकाणी गादी एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे जाते आणि भजन चालूच राहते. कारण येणाऱ्याची निवड जाणाऱ्याच्या पाठीमागे घाईने होत नाही. तो लहानपणापासून त्या चक्रात फिरत असतो. त्याला केवळ पावले ठाऊक नसतात, तर कोणत्या चरणाशी समुदायाचे डोळे भरून येतात तेही ठाऊक असते. शिष्य आणि वारस यांत भेद आहे तो एवढाच. नाशकाच्या कारखान्यात शिष्य होते. वारस तयार होण्यास लागणारा काळ त्या कंपनीस मिळालाच नाही.

प्रभातमध्ये या गोष्टीचा पडताळा मिळतो. १९४२ साली शांताराम कंपनी सोडून गेले आणि त्यांनी राजकमल कलामंदिर काढले. प्रभातचा दीप मालवणार, असे लोक म्हणू लागले. अशा वेळी ‘रामशास्त्री’ चित्र हाती होते. राजा नेने, विश्राम बेडेकर आणि गजानन जागीरदार अशा तिघांच्या हातून ते पार पडले, आणि शेवटास नेणारे जागीरदार हे स्वतःच रामशास्त्री झालेले होते. १९४४ साली चित्र लागले, आणि प्रभातच्या उत्तम चित्रांत त्याची गणना झाली. विषय इतिहासाचा होता, अद्भुताचा नव्हता, हे मान्य. तरी तीन हातांतून जाऊनही चित्र एकजीव राहिले, याची कारणे आमच्या विषयास लागू पडतात. शिवराम वाशीकरांची कथा कागदावर पक्की होती. दामले व फत्तेलाल यांनी बसविलेली ध्वनीची व नेपथ्याची खाती जागच्या जागी होती. आणि ज्याने सूत्रे घेतली तो त्या चक्रात आधीपासून उभा होता.

अगदी अलीकडचा दाखला घ्यावयाचा तर टॉल्किन यांच्या ‘द हॉबिट’चा घ्यावा. हे पुस्तक १९३७ च्या सप्टेंबरात, म्हणजे ‘गंगावतरण’ लागल्यावर दीडएक महिन्याने प्रसिद्ध झाले, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. त्यावरील चित्रपटासाठी नेमलेले मेक्सिकोचे दिग्दर्शक गियेर्मो देल तोरो यांनी न्यूझीलंडमध्ये सुमारे दोन वर्षे तयारी केली. परंतु मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीच्या आर्थिक ओढाताणीमुळे काम सुरू होईना, आणि २०१० च्या मेमध्ये ते बाहेर पडले. त्यांच्या जागी निर्माते पीटर जॅक्सन स्वतःच आले. यांच्याहून योग्य माणूस कोण? ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तिन्ही भाग त्यांनीच काढलेले होते. २०१२ ते २०१४ या काळात तीन चित्रे निघाली आणि त्यांनी अपार पैसा मिळविला. तरी पहिल्या त्रयीचा गौरव या त्रयीस लाभला नाही. आणि पूर्वतयारीस आपणास पुरेसा वेळ मिळाला नाही, असे जॅक्सन यांनीच पुढे सांगितले. निवड बिनतोड होती. पण निवडलेल्या माणसास ती कथा आपल्या डोळ्यांनी नव्याने पाहण्यास जो अवकाश हवा, तो त्यास मिळाला नाही. नाशकाची चूक नव्वद वर्षांनी, सातासमुद्रापलीकडे, कोट्यवधी डॉलर खर्चून पुन्हा झाली.

या सर्व हकीकतींतून एक गोष्ट आम्हांस ठळकपणे दिसते. जागा रिकामी झाली की निवडणारे तीन तऱ्हेचे माणूस शोधतात: गेलेल्याचा शिष्य, बाहेरचे मोठे नाव, किंवा आतलाच कोणी भरवशाचा मनुष्य. तिघांपैकी कोणीही यशस्वी होऊ शकतो आणि कोणीही फसू शकतो. फसतो तो बहुधा एकाच कारणाने. त्यास गेलेल्या माणसाचे काम मिळते, पण वेळ मिळत नाही. अधिकार मिळतो, पण ‘ही कथा मी कोणत्या दारातून आत शिरून पाहू’ हे विचारण्याची मोकळीक मिळत नाही. ज्या माणसास गेलेल्याची नक्कल करण्यासाठी बसविले, तो नक्कलच करणार. पौराणिक चित्रे आपल्याकडे पुढे शेकड्यांनी निघाली आणि त्यांतील कितीतरी निर्जीव झाली. देवांचे मुकुट होते, ढगांचा धूर होता, पण तो देखावा प्रथम कोणाच्या डोळ्यांपुढे उभा राहिला होता असे वाटत नसे.

हा केवळ धंद्याचा प्रश्न असता तर आम्ही त्यावर इतके लिहिले नसते. आपल्या घरांतील मुलांना भगीरथ, हनुमान आणि कालिया आता आजीच्या तोंडून थोडे आणि पडद्यावरून फार कळतात. पडद्यावरील चित्र जर कोणी न पाहता घडविलेले असेल, तर मुलांच्या मनात उतरतो तो फक्त गलबला. म्हणून एखाद्या मोठ्या पुराणकथेच्या वा अद्भुत कादंबरीच्या चित्रपटाचा दिग्दर्शक बदलला अशी वार्ता आली की, नवा माणूस कोण, या चर्चेत आपण सारा वेळ घालवितो. त्यास किती काळ दिला आहे आणि पहिल्याच्या आराखड्यातले काय मोडण्याची मुभा दिली आहे, हे प्रश्नही वाचकांनी विचारावेत.

दादासाहेब फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकास वारले. ‘रामशास्त्री’ त्याच वर्षीचा. पुढे १९६९ पासून देशाचा सर्वोच्च चित्रपट-सन्मान त्यांच्या नावाने दिला जाऊ लागला, हे योग्यच झाले. त्यांच्या चित्रांपैकी फारच थोडी शिल्लक आहेत. सुदैवाने ‘कालियामर्दना’चा पुष्कळसा भाग त्यांत आहे. ज्यांस शक्य असेल त्यांनी तो अवश्य पाहावा, आणि नाग येण्याची घाई न करता आरंभीचा त्या मुलीचा चेहरा नीट निरखून पाहावा.